राजस्थानातलं कुलधरा गाव एका रात्रीत ओस पडलं हे खरं आहे का? डिसेंबरात तिथली हवा कशी असते?

हवेचं आधी सांगते, कारण गाव भुताटकीचं म्हणून गाजलेलं असलं तरी तिथे भुतांचा त्रास कोणालाच होत नाही, हवेचा होतो. मी भांडुपची, जन्म घामात गेलेला, आणि गेले होते मार्चच्या शेवटी. दुपारी ऊन नुसतं भाजत होतं पण घाम जागच्या जागी उडून जातो, त्यामुळे फसायला होतं, पाणी कमी पडलंय हे डोकं ठणकायला लागल्यावर कळतं. रात्री हॉटेलात कुर्ता धुऊन खुर्चीवर टाकला तर जेवून येईपर्यंत खडखडीत वाळलेला (आमच्याकडे जुलैत चादर तीन दिवस घरभर फिरते तरी कुबट वास जात नाही). डिसेंबरात दुपार छान असते पण सूर्य गेला की थंडी एकदम अंगावर येते, स्वेटर न्याच. मे-जूनात पारा ४५च्या वर जातो.

आता गाव. जैसलमेरपासून साधारण १८ किमी, राजस्थानातल्याच पालीकडून आलेल्या पालीवाल ब्राह्मणांनी तेराव्या शतकाच्या आसपास वसवलेलं. सरळ गल्ल्या, पिवळ्या दगडाच्या भिंती, छपरं बहुतेक गेलेली. एका घरात दिवा ठेवायचा कोनाडा तेवढा शाबूत दिसला, त्यात कोणीतरी कुरकुऱ्यांचं रिकामं पाकीट कोंबलं होतं.

जीपवाल्याने ऐकवली ती गोष्ट तुम्हीही ऐकली असेल, की जैसलमेर संस्थानाचा दिवाण सालिम सिंग याची नजर मुखियाच्या मुलीवर पडली म्हणून ८४ गावं एका रात्रीत उठून गेली आणि जाताना शाप देऊन गेली. सालिम सिंग खरा होता, त्याची १८१५ची हवेली जैसलमेरात आजही आहे, आणि वसुलीच्या बाबतीत तो निर्दयी होता हेही खरं. पण एका रात्रीत? गुरं, धान्य, म्हातारी माणसं सगळी? आमची एक बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला रिकामी व्हायला दीड वर्ष लागलं हो.

मला विचाराल तर पाणी बघा. तिथे वर्षाला जेमतेम २०० मिमी पाऊस, कधी त्याच्याही निम्मा. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पडला होता, म्हणजे त्यांचा चार वर्षांहून जास्त. आणि एवढ्याशा पावसावर पालीवाल गहू पिकवायचे, खडीन करून. खडकाळ उतारावरून वाहून येणारं पाणी खाली मातीचा लांब बांध घालून अडवायचं, ते जमिनीत मुरलं की त्या ओलीवर थंडीत गहू-हरभरा पेरायचा. फार हुशारीचं काम आहे, पण विहिरी आटत गेल्या आणि वर वसुली वाढतच राहिली तर माणूस किती वर्षं टिकणार, एकेक घर उठत गेलं असणार आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला गाव रिकामं. काही भूशास्त्रज्ञ पडलेले खांब-छपरं बघून भूकंपाचाही अंदाज मांडतात.

(गंमत म्हणजे जैसलमेरचा उंटांच्या तांड्यांवरचा व्यापार पुढे बसला त्याला आपलं मुंबई बंदरही कारण, माल समुद्रानेच जायला लागला.)

सकाळी लवकर जा, सावली कुठेच नाही. आणि जीपवाल्याला म्हणा वाटेत एखादं खडीन दाखव, त्या भागात अजून कसतात, पाऊस बरा झाला असेल तर डिसेंबरात त्यात हरभरा उभा असेल.