विकिरण केलेली कडधान्ये वर्षभर साठवली तर त्यांची प्रत टिकते का?

आपण तूर, मूग आणि मटकीबद्दल विचारले आहे. विकिरणामुळे, म्हणजे दाण्यांवर गॅमा किरण सोडल्यामुळे, त्यांना आतून कीड लागत नाही, हे खरे आहे; मात्र उष्ण आणि दमट जागेत ठेवल्यास हीच कडधान्ये शिजायला जड होतात आणि विकिरण ते थांबवू शकत नाही.

कडधान्य पोखरणाऱ्या भुंगेऱ्याचा उपद्रव बहुधा शेतातच सुरू होतो. मादी शेंगांवर किंवा दाण्यांवर अंडी घालते, अळी दाण्यात शिरते आणि बाहेरून स्वच्छ दिसणाऱ्या पोत्यातील दाण्यांवर काही आठवड्यांनी गोल भोके दिसू लागतात. भारतात ही कीड रोखण्यासाठी ०.२५ ते १ किलोग्रे (दाण्याने शोषलेल्या किरणऊर्जेचे एकक) मात्रेस परवानगी आहे. कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूचे गॅमा किरण बंद पाकिटाच्याही आरपार जात असल्याने दाण्यातील अळी सुटत नाही. प्रौढ भुंगेरे लगेच मेले नाहीत तरी वांझ होतात. दाण्याचे तापमान या मात्रेने एक अंशानेही वाढत नाही आणि या किरणांच्या ऊर्जेने धान्य किरणोत्सारी होत नाही, त्यामुळे ती भीती मनातून काढून टाकावी.

एवढ्या मात्रेने प्रथिनांत जाणवण्याजोगा फरक पडत नाही. थायमिन हे जीवनसत्त्व किरणांना संवेदनशील असल्याने थोडे घटू शकते. उसळीसाठी भिजवलेल्या मुगाला किंवा मटकीला मोड येतात, पण ते आखूड राहू शकतात. पेरणीसाठी असे बी मी कधीही सुचवणार नाही.

प्रतीचा खरा प्रश्न साठवणुकीचा आहे, आणि त्याकडे फार कमी लक्ष दिले जाते, याची मला खंत वाटते. ऊब आणि ओल मिळाली की दाण्यातील फायटेज हे विकर (एन्झाइम) खनिजे धरून ठेवणाऱ्या फायटेटचे विघटन करते, त्यातून सुटलेले कॅल्शियम व मॅग्नेशियम पेशींना जोडणाऱ्या पेक्टिनला घट्ट बांधतात आणि मग कितीही शिट्ट्या दिल्या तरी काही दाणे गणंगच राहतात. टरफलातील टॅनिन या तुरट द्रव्यांमुळे रंगही काळवंडतो. अधिक मात्रेच्या विकिरणाने पेक्टिन आणि स्टार्चच्या साखळ्या तुटून शिजण्याचा वेळ घटल्याचे प्रयोगांत दिसले आहे, परंतु किडीसाठी दिलेल्या अल्प मात्रेकडून तशी अपेक्षा ठेवू नये.

आणखी एक मर्यादा अशी की विकिरणाचा कोणताही अंश दाण्यावर उरत नाही. खाणाऱ्याच्या दृष्टीने ते चांगलेच आहे, पण पाकीट फोडून डबा उघडा ठेवला तर बाहेरचा भुंगेरा पुन्हा अंडी घालू शकतो. म्हणून ओलावा साधारण १० टक्क्यांच्या आत असलेले, चांगले वाळलेले कडधान्य घ्यावे, लागेल तेवढेच पाकीट फोडावे आणि उरलेले हवाबंद डब्यात, शेगडीपासून दूर, घरातील सर्वांत थंड व कोरड्या जागी ठेवावे. तूर वर्षभर ठेवायची असेल तर डाळ करून ठेवणेही सोयीचे पडते, कारण हा भुंगेरा सालीसकट अख्ख्या दाण्यावर अंडी घालणे अधिक पसंत करतो.