स्पाइक जोन्स खरा संगीतकार होता की नुसता जोकर? त्याचं काय ऐकावं?

"नुसता जोकर" वाचलं आणि राहवलं नाही. मी ऑर्केस्ट्रात साइड रिदमला असतो, कोंगो, खंजिरी, शिट्टी, भोंगा, गाण्याला लागेल ते, आणि "हे काय वाजवणं झालं का" हे मी घरातच लय ऐकलंय.

स्पाइक जोन्स म्हणजे अमेरिकेतला बँडवाला, भोंगे, घंटा घालून गाण्यांची टर उडवायचा. खरा संगीतकार होता. प्रश्नच नाही. 1911 चा जन्म, कॅलिफोर्नियातलं लाँग बीच, वडील रेल्वेत. कॉमेडीच्या आधी हॉलिवूडच्या रेडिओ ऑर्केस्ट्रांमध्ये ड्रम वाजवायचा, जॉन स्कॉट ट्रॉटर या बँडलीडरकडेसुद्धा, आणि तिथे कच्च्या माणसाला कोण उभं करतंय? 1942 ला हिटलरची टर उडवणारं 'डेर फ्यूरर्स फेस' आलं, त्यात दर 'हाइल'ला तोंडाने काढतात तसला भर्रर्र आवाज, तुफान चाललं ते. पण तुम्ही 'कॉकटेल्स फॉर टू' ऐका. आधी कोरस एकदम गोड गातो, मग भोंगे, घंटा, उचक्या, सगळा धुमाकूळ, पण एक आवाज लयीच्या बाहेर जात नाही, हेडफोन लावून मात्रा मोजा हवं तर.

आमचे दादा, चुलतभाऊ, तबला रीतसर शिकलेले, हात छानच आहे त्यांचा, पण त्यांचं ठाम मत की भोंगा कुणीही वाजवेल. गणपतीत सांगलीकडे एका प्रोग्रामला कोंगोवाला आला नाही म्हणून मी कोंगोवर बसलो आणि भोंगा दादांकडे दिला. कॉमेडी ड्युएट होतं. त्यात हिरो लाडात येतो आणि गायिकेने ओळ उचलायच्या अर्धी मात्रा आधी भोंगा हवा. दादांनी दिला बरोब्बर समेवर. म्हणजे तबल्याच्या हिशोबाने बरोबरच, पण तो गायिकेच्या पहिल्या शब्दावर पडला, शब्द बुडाला, पब्लिक गप्प. दुसऱ्या कडव्याला घाईत अख्खी मात्रा आधी दिला, तर ड्रमरला वाटलं कट आला, म्हणजे थांबायचा इशारा, त्याने रोल मारला आणि गायिका नुसती बघतच राहिली. शेवटच्या कडव्याला मी एका हाताने कोंगो धरून दुसऱ्या हाताने भोंगा ओढून घेतला आणि जागेवर दिला, तेव्हा कुठे मांडव हसला. दादा आजपण म्हणतात मॉनिटर, म्हणजे वाजवणाऱ्यांकडे तोंड केलेला स्पीकर, नीट नव्हता. मॉनिटर चांगला होता.

आता स्पाइकचं सगळंच भारी असं नाही, चारपाच गाणी सलग ऐकली की तीच गंमत परत परत येते. आणि 1946 ला त्याने 'अदर ऑर्केस्ट्रा' म्हणून सरळ, गंभीर वाजवणारा बँड काढलेला, तो काही पैशाला चालला नाही, लोकांना त्याच्याकडून धिंगाणाच पाहिजे होता. सिगारेटी भरपूर, फुप्फुसं गेली, 1965 ला 53 व्या वर्षी वारला.

रिदम शिकत असाल तर तबला, ड्रम शिकाच, पण इफेक्ट्सचा पीस आला तर नवख्या पोराच्या हातात देऊ नका, ग्रुपमधला सगळ्यात पक्क्या लयीचा माणूस तिथे बसवा. आणि घरचे मोठे काही म्हणाले तर त्यांना 'कॉकटेल्स फॉर टू' लावून द्या आणि भोंग्याच्या जागा हातावर धरायला सांगा.