विमानातले वाय-फाय आणि न येणारा ओटीपी

प्रश्न : गेल्या महिन्यात मुंबईहून युरोपला जाताना विमानात पैसे भरून वाय-फाय घेतले. व्हॉट्सअॅपवरचे निरोप व्यवस्थित जात-येत होते. परंतु मुलीला लावलेला व्हिडिओ कॉल सारखा अडखळत राहिला आणि विजेचे बिल भरायला घेतले, तर बँकेचा ओटीपी शेवटपर्यंत आला नाही. इंटरनेट चालू असताना ओटीपी कुठे अडतो? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ओटीपीचे आधी सांगतो, कारण याच कारणाने अनेकांचे व्यवहार हवेत अर्धवट राहतात. ओटीपी बहुधा एसएमएसने येतो आणि एसएमएस सिमकार्डाच्या मोबाइल नेटवर्कवरून येतो. फोन ‘फ्लाइट मोड’वर असला की ते नेटवर्कच बंद असते, मग वाय-फाय कितीही चांगले असो. फ्लाइट मोड काढून पाहण्याचा मोह टाळावा. तो नियमभंग तर आहेच, शिवाय टॉवरचे अँटेना जमिनीकडे रोखलेले असल्याने दहा किलोमीटर उंचीवर पदरात काही पडत नाही. ज्यांची बँक ईमेलवरही ओटीपी पाठवते त्यांचे काम होते. इतरांनी बिल घरूनच भरून निघावे.

व्हिडिओ कॉलची अडचण अंतराची आहे. विमानाच्या पाठीवर बैलाच्या वशिंडासारखा जो उंचवटा दिसतो, त्याच्या आत उपग्रहाशी बोलणारा अँटेना असतो. हा उपग्रह भूस्थिर, म्हणजे जमिनीवरून आकाशात एकाच जागी थांबलेला दिसणारा, असल्यास सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. म्हणजे आपली विनंती वर, तिथून खाली जमिनीवरच्या केंद्रात आणि उत्तर त्याच वाटेने परत, असा जवळजवळ १,४४,००० किलोमीटरचा फेरा पडतो, ज्याला प्रकाशाच्या वेगानेही अर्धा सेकंद लागतो. लेखी निरोपाला त्याचे काही वाटत नाही, संभाषणाचे मात्र तुकडे होतात. त्यातच एका जोडणीवर विमानातले कित्येक प्रवासी हक्क सांगत असतात. सुमारे ५५० किलोमीटरवरून फिरणाऱ्या स्टारलिंकसारख्या उपग्रहांमुळे हा विलंब पुष्कळच घटतो. तरीही बोलण्याचे कॉल अनेक विमान कंपन्या करू देत नाहीत, आणि शेजारच्या आसनावर झोपू पाहणाऱ्या माणसाच्या बाजूने विचार केला तर ते योग्यच आहे!

प्रश्न : देशांतर्गत विमानांत ही सोय आहे का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : आहे, पण सर्व विमानांत नाही. यासंबंधीचे नियम डिसेंबर २०१८ मध्ये अधिसूचित झाले. एअर इंडियाने जानेवारी २०२५ मध्ये एअरबस ए-३५०, बोइंग ७८७-९ आणि निवडक ए-३२१ निओ विमानांतून देशांतर्गत मार्गांवर वाय-फाय देत असल्याचे जाहीर केले. भारतीय हवाई हद्दीत विमान ३,००० मीटरच्या वर गेल्यावरच इंटरनेट मिळते आणि उतरताना त्याच उंचीला ते बंद होते, त्यामुळे उतरण्याची घोषणा झाल्यावर पाठवायला घेतलेली मोठी फाइल बहुधा अर्धीच जाते.