मुंबईच्या आरेत संध्याकाळी पिंगळ्याचा (छोट्या घुबडाचा) फोटो काढायला फ्लॅश वापरला तर चालेल का?

अंधार पडल्यावर नकोच. त्या वेळी पिंगळ्याच्या बाहुल्या पूर्ण उघडलेल्या असतात. झगझगीत उजेड पडला की डोळे पुन्हा अंधाराला सरावायला वेळ लागतो, आणि त्याची शिकारीची वेळ नेमकी तीच. त्यापेक्षा सूर्यास्ताआधी अर्धा तास जा. तो ढोलीच्या तोंडाशी बऱ्याचदा स्तब्ध बसतो. ट्रायपॉड, १/१२५ शटर, आयएसओ (प्रकाश-संवेदनशीलता) ३२०० ते ६४०० आणि दहा-बारा फ्रेमचा बर्स्ट, म्हणजे सलग फोटो. एखादी तरी धारदार निघतेच. नॉइज (फोटोतले दाणे) नंतर काढता येतो.

घरट्यावर मात्र दिवसाही फ्लॅश नको. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्य पक्ष्यांच्या घरट्याला त्रास देणं 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत येतं. पावसाळ्यात कर्नाळा अभयारण्यात तिबोटी खंड्याच्या घरट्यापुढे ठाण मांडणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

दाट झाडीत, दिवसा, सावलीतल्या पक्ष्याला हलका फिल फ्लॅश (सावली उजळण्यापुरता) चालतो. फ्लॅशची ताकद कमी-जास्त करणारं कॉम्पेन्सेशन -१.५ ते -२ ठेवा, म्हणजे डोळ्यात फक्त चमक येते. शटर १/२५०च्या वर नेलं तर बहुतेक कॅमेऱ्यांवर हाय-स्पीड सिंक (वेगवान शटरबरोबर फ्लॅश चालवण्याची सोय) लावावं लागतं. त्यात ताकद बरीच घटते, मग लांबच्या पक्ष्यापर्यंत उजेड पोचतच नाही. डोळे पांढरट येत असतील तर फ्लॅश लेन्सपासून दूर, ब्रॅकेटवर घ्या. दोन-तीन फ्रेम झाल्या की थांबा. पक्षी दचकला, मान खाली घालून दबला, तर त्याआधीच.

उजेड लांब नेण्यासाठी फ्लॅशपुढे फ्रेनेल भिंग (चपटं प्लास्टिकचं भिंग) लावत असाल तर उन्हात उघडं ठेवू नका. सूर्यकिरण एकवटून फ्लॅशचं प्लास्टिक वितळतं.