स्वस्त परदेशी कामगार आणणं बंद केलं तर अमेरिकेत स्थानिकांचे पगार वाढतील का? की कुणाला नोकरी द्यायची हा कंपनीचा हक्क आहे?

नुसतं बंद करून वाढणार नाहीत. कंपनीच्या हक्कावर सगळेच बोलतात, मी कामगाराच्या हक्काबद्दल लिहितो.

२०१४ साली एका आयटी कंपनीने मला एच-१बीवर, म्हणजे अमेरिकेत कुशल परदेशी कामगाराला कंपनीमार्फत मिळणाऱ्या व्हिसावर, क्लायंटकडे पाठवलं. ज्या बाईंची नोकरी जाणार होती त्यांच्याकडून तीन महिन्यांत केटी (नॉलेज ट्रान्सफर, म्हणजे कामाची सगळी माहिती) घ्यायची, एवढंच काम. केटी नीट दिली तरच जाताना पैसे मिळतील, असं त्यांना बजावलेलं. वीस वर्षं त्यांनी ती सिस्टिम सांभाळली होती. कुठला बॅच जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारा प्रोग्रॅम) महिनाअखेरीला का अडकतो हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्या सांगायच्या, मी वहीत उतरवून घ्यायचो. नजरेला नजर द्यायची मला लाज वाटायची.

एच-१बीवाल्याचं पद आणि पगार सांगणारी नोटीस कामाच्या जागी लावावी लागते. माझी पॅन्ट्रीत मायक्रोवेव्हशेजारी टाचली होती. एका दुपारी बाई ती वाचत उभ्या होत्या.

"हा तुझा पगार? मला याच्या दीडपट मिळतो. तू जास्त का मागत नाहीस?"

मी म्हटलं, मागितला तर परत पाठवतील.

"मग दुसरीकडे जा."

मी सांगितलं, दुसऱ्या कंपनीने पुन्हा अर्ज भरायला हवा, ग्रीन कार्डची कागदपत्रं पहिल्यापासून करायला हवीत, आणि मधेच नोकरी गेली तर इथे राहायचा हक्कच संपतो. त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे ते तुला कितीही कमी देऊ शकतात."

मी स्वस्तात पडलो तो नोकरी सोडता येत नव्हती म्हणून. आणि माझ्यामुळे त्या बाई महाग ठरल्या. सहा महिन्यांनी तेच काम मी रात्रीच्या कॉलवर भारतातल्या टीमला शिकवत होतो. माणसाला व्हिसा लागतो, कामाला लागत नाही, त्यामुळे नुसती बंदी घालून काम अमेरिकेतच राहील असं मला वाटत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने एच-१बीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लावलं, पण त्याने आधीपासून तिथे असलेल्याला नोकरी बदलणं तसूभरही सोपं झालं नाही. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,००० आणि कुठल्याही एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा. भारतीयांची रांग त्यामुळेच दशकांची आहे, आणि रांगेतला माणूस हलत नाही हे कंपनीला पक्कं ठाऊक असतं.

"सही तूच केलीस ना, मग तक्रार कसली?" हे थोरला भाऊ मला दहा वर्षं ऐकवतोय. केली सही. पण दादाने तीन नोकऱ्या बदलल्या, तिन्ही वेळा दोन ओळींचा राजीनामा देऊन. माझ्या राजीनाम्यासोबत बायकोचा व्हिसा आणि मुलीची शाळा जाणार होती. कंपनीला मात्र मला काढायला एक ईमेल पुरेसा होता. याला दोघांच्या मर्जीचा करार म्हणायला मी तयार नाही.

हेही सांगायला हवं, की नव्या कंपनीने अर्ज दाखल केला की तिथे रुजू होता येतं, ही सोय २००० पासून आहे. २०१७ पासून नोकरी गेल्यावर ६० दिवसांपर्यंत मुदतही मिळते. मोठ्या प्रॉडक्ट कंपन्यांत एच-१बीवाल्यांना उत्तम पगार असतो, सगळ्यांचं माझ्यासारखं होत नाही.

तुम्ही स्वतः जाणार असाल तर आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनी तुमच्या वतीने भरते तो अर्ज) मंजूर झाल्यावर त्याची प्रत मागून घ्या. मी सहा वर्षं मागितली, दिली नाही.