डिस्कस माशांना सुकं खाद्य द्यावं की फ्रोझन? निवडताना पाकिटावर काय बघायचं?

तुमचे सहा डिस्कस चार-साडेचार इंचांचे आहेत. दुकानदार म्हणतो फक्त फ्रोझन ब्लडवर्म (लाल बारीक अळ्या, गोठवलेल्या) द्या, मित्र म्हणतो सुके दाणे पुरतात, आणि तुम्ही दोघांच्या मध्ये अडकलाय; दोन्ही द्यायचे तर प्रमाण काय, हेही विचारलंय. इथवर ठीक होतं, मी पुढे गेलो असतो. पण प्रश्नाच्या शेपटाला तुम्ही लिहिलंय, "सुक्या खाद्याने पोट फुगून मासे मरतात असं ऐकलंय, खरं आहे का?" हेच वाक्य मी चार वर्षं माझ्या थोरल्या भावाच्या तोंडून ऐकतोय, आणि दर वेळी त्या वाक्यात मेलेले मासे माझे असतात.

डिस्कसचं वेड मला दादानेच लावलं. माझे पहिले सहा मासे म्हणजे त्याच्याच जोडीची पिल्लं, त्यामुळे माझ्या टाकीवर आपला निम्मा हक्क आहे असं तो धरून चालतो. तो जुन्या वळणाचा माणूस. बीफ हार्टचं, म्हणजे जनावराच्या हृदयाच्या मांसाचं मिश्रण स्वतः वाटायचं, थापून गोठवायचं, वड्या पाडून ठेवायच्या. उरलेल्या वेळी ब्लडवर्म. मी दाण्यांचा डबा आणला तेव्हा त्याने झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाला, "अरे, डिस्कस आहेत ते, कोंबड्या नव्हेत. दाणे काय टाकतोस?"

तरी मी मासे दाण्यांवर आणले. नऊ दिवस लागले. ब्लडवर्मची चटक लागलेला डिस्कस दाणा तोंडात घेतो, चघळतो, थुंकतो आणि काचेपाशी येऊन तुमच्याकडे असा बघतो की आपणच काहीतरी पाप केलंय. पहिले पाच दिवस हेच. मी रोज थोडे दाणे टाकायचो, पाच मिनिटांत उरलेले नळीने ओढून घ्यायचो, आणि बाकी काही द्यायचो नाही. सहाव्या दिवशी सगळ्यात दांडग्या नराने गिळायला सुरुवात केली आणि त्याचं बघून बाकीचे आले. धडधाकट मोठा डिस्कस आठवडाभर उपाशी राहिला तर त्याला काही होत नाही. हा प्रयोग पिल्लांवर करू नका. कपाळाकडून खंगलेल्या, चिमटलेल्या माशावर तर मुळीच नाही.

पुढचे आठ महिने दिवसातून दोनदा दाणे आणि रात्री एकदा फ्रोझन. रंग चांगला, विष्ठा काळसर आणि भरीव, पाण्यातलं नायट्रेट (विष्ठा आणि उष्ट्या खाण्यातून साचणारं) दादाच्या टाकीपेक्षा कमी. (हे मी त्याला आकडा दाखवून सांगितलं होतं. तिथेच चुकलं असावं.)

मग मला पाच दिवस बाहेर जावं लागलं आणि मासे बघायला दादा आला.

परत आलो तर मासे बरे दिसत होते. दादाने जाताना सांगितलं, "दाणे बंद ठेवलेत, ब्लडवर्मच घातलेत, जरा खाऊ दे बिचाऱ्यांना." मी हसलो. दुसऱ्या दिवसापासून माझं नेहमीचं वेळापत्रक सुरू, रात्रीचा क्यूब त्याच पाकिटातला. तिसऱ्या दिवशी दोन मासे काळे पडून हीटरच्या मागे जाऊन उभे राहिले. पोटं टम्म. त्यातल्या एकाची विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी लोंबणारी. खाणं थांबवलं, तापमान 29 वरून हळूहळू 32 अंशांवर नेलं, बुडबुडे सोडणारा हवेचा दगड वाढवला, एप्सम सॉल्ट घातलं. आठव्या दिवशी एक गेला आणि दहाव्या दिवशी दुसरा, तोच दांडगा नर.

दादा आला, टाकीकडे बघितलं आणि बसायच्या आधीच निकाल दिला. "दाणे फुगले पोटात."

पंधरा दिवसांनी फ्रीझरमधून तेच पाकीट काढताना माझी नजर त्याच्यावर थांबली. ब्लडवर्मचे क्यूब एकेका खळग्यात सील केलेले असतात. चांगल्या मालात खळगा काठोकाठ भरलेला असतो आणि पातळ पडद्याआडून अळ्यांचे लाल धागे सुटे ओळखू येतात. या पाकिटात प्रत्येक खळगा अर्धाच भरलेला होता, सगळे खालच्या बाजूला, तिरक्या रेषेत. पाकीट फ्रीझरमध्ये कोपऱ्याला टेकवून तिरकं उभं असतं. म्हणजे आतलं सगळं वितळलं होतं, पाण्यासारखं खाली उतरलं होतं, आणि तसंच पुन्हा गोठलं होतं. रंग लाल नव्हे, चॉकलेटी.

दादाला फोन केला. बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "हां, एका रात्री फ्रीझरचं दार नीट लागलं नव्हतं. सकाळी लावलं मी. परत गोठलं की सगळं."

परत गोठलं की सगळं!

त्याचा बचाव ऐका, कारण तुम्हालाही हे कोणीतरी ऐकवेल: "पाकिटावर गॅमा किरणांनी निर्जंतुक केल्याचं लिहिलंय, मग जंतू कुठून येणार?" किरणांनी जंतू बऱ्याच अंशी मरतात, मान्य. पण अळीच्या आतड्यातली पाचकद्रव्यं मरत नाहीत. वितळलं की ती अळीलाच आतून पचवायला लागतात. म्हणून वितळून पुन्हा गोठलेला ब्लडवर्म काळपट, लिबलिबीत होतो आणि पाण्यात टाकला की रिकामी सालं तरंगतात. वर जे थोडे जंतू उरलेत त्यांना रात्रभर ऊब मिळाली. साधा गोठवलेला माल असेल तर विचारायलाच नको. गोठवल्याने परजीवी बरेच मरतात, जिवाणू नुसते झोपी जातात.

तर तुमचा प्रश्न. फ्रोझन घेताना ब्रँडच्या आधी पाकीट उजेडात धरून बघा. खळगे अर्धे, रंग काळपट, आत बर्फाचा भुगा, क्यूब एकमेकांत मिसळलेले, यातलं काहीही दिसलं तर ठेवून द्या, कितीही नावाजलेला ब्रँड असो. कारखान्यातून निघाल्यापासून तुमच्या हातात येईपर्यंत कुठल्या दारात काय झालं हे फक्त ते पाकीटच सांगतं.

दुसरं, प्रोटीनच्या आकड्याला फसू नका. दादाचा आवडता विनोद होता की माझ्या दाण्यांवर 47 टक्के प्रोटीन छापलंय आणि त्याच्या ब्लडवर्मवर 5, तरी मासे त्याचेच मोठे. विनोद त्याच्यावरच उलटतो. फ्रोझन ब्लडवर्ममध्ये साधारण 90 टक्के पाणी असतं. 100 ग्रॅमच्या पाकिटात कोरडा ऐवज 10 ग्रॅम, त्यातले 5 ग्रॅम प्रोटीन, म्हणजे कोरड्या हिशोबाने 50 टक्के. दाण्यांत पाणी 8 टक्क्यांच्या आसपास, तेव्हा 47 भागिले 92, म्हणजे 51. दोन्ही सारखेच! फरक इतकाच की तुम्ही फ्रीझरमध्ये बर्फ साठवताय. पाकिटं नेहमी अशी कोरड्यावर आणून ताडून बघा.

सुक्याच्या पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिल्या तीनांत मासळी, क्रिल, कोळंबी, अळ्या यांची पूड हवी. गव्हाचं पीठ, गव्हाचं ग्लुटेन, सोया असं वेगवेगळ्या नावांनी पसरून छापलं असेल तर मनात त्यांची बेरीज करा. बऱ्याचदा ती पहिल्या क्रमांकाच्या वर जाते. स्पिरुलिना किंवा शेवाळ यादीत असलेलं चांगलं. इथे दादा विचारतो, "ॲमेझॉनमध्ये त्यांना दाणे कोण टाकतं?" ब्लडवर्मचे क्यूबही कोणी टाकत नाही! रानातल्या डिस्कसची पोटं अभ्यासकांनी तपासली तेव्हा त्यांत लाकडांवरचं शेवाळ, कुजकट गाळ, वनस्पतींचे तुकडे आणि बारीकसारीक कीटक-कवचधारी असं मिश्रण निघालं. नुसत्या मांसावर जगणारा हा मासा नाहीच. बीफ हार्टने पिल्लं झपाट्याने वाढतात हे खरं, दादाची वाढलीच की; पण जनावराची चरबी माशाच्या पोटात नीट पचत नाही आणि पाणी इतकं घाण होतं की रोज निम्मं बदलल्याशिवाय चालत नाही. दादा बदलतो. तुम्ही बदलणार का?

दाण्याचा आकार एक मिलिमीटरच्या आसपास, हळूहळू बुडणारा. डिस्कसचं तोंड लहान, आणि तळावर पडलेलं पाण्याची फुंकर मारून उडवून खायची त्याला सवय असते, त्यामुळे बुडालेलं वाया जात नाही. तरंगणारं मात्र नको; पृष्ठभागावर हवा गिळत खातात. फ्लेक्स पाण्यात लगेच विरतात, फिल्टरचंच पोट भरतं. आणि फ्रीझ-ड्राइड म्हणजे फ्रोझन नव्हे, ते सुकंच. हलकं, हवेने भरलेलं. भिजवून, पाण्याखाली दाबून हवा काढूनच द्या. पोट फुगण्याची भीती खरंतर याची बाळगायला हवी. ब्लडवर्मच्या सुक्या धुळीने माणसालाही ॲलर्जी होते, शिंका, डोळ्यांना खाज. फ्रोझनलाही हात लावून झाला की धुवा. माझ्या मनगटावर पुरळ येतं.

दाणे पोटात फुगतात का, हे वाद न घालता बघता येतं. कपभर टाकीच्या पाण्यात दहा दाणे टाका आणि दहा मिनिटांनी बघा. दुप्पट झाले तर तो ब्रँड सोडा. माझे जेमतेम सव्वापट होतात. तरी मी दोन मिनिटं भिजवतो, जास्त नाही, कारण पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं निघून जातात.

फ्रोझनमध्ये माझी पसंती मायसिसला (कोळंबीसारखा बारीक जीव). त्यानंतर स्पिरुलिना खाऊ घातलेले ब्राइन श्रिंप (खाऱ्या पाण्यातले बारीक कवचधारी), आठवड्यातून एकदा डॅफ्निया (पाण्यातली पिसू), त्याच्या कवचाने पोट साफ राहतं. ब्लडवर्म आठवड्यातून दोनदा, मिठाईसारखा. जिवंत ट्यूबिफेक्स (बारीक जंत) घरात आणू नका, तो गटारातल्या गाळात वाढतो. क्यूब कपात वितळवा, बारीक जाळीतून गाळा, लाल पाणी फेकून द्या. त्या पाण्यात सत्त्व असतं असं म्हणणारे भेटतील. असेल, पण ते मासे पीत नाहीत, फिल्टर पितो. वितळलेला क्यूब उरला तर तोही फेका. परत गोठवू नका. परत सांगतो, गोठवू नका.

प्रमाण विचारलंत: माझं दोनास एक, वर सांगितलं तसं, आणि आठवड्यातून एक दिवस उपास. तीन इंचांखालच्या पिल्लांना हे लागू नाही, त्यांना दिवसातून चार-पाच वेळा थोडंथोडं लागतं. पकडून आणलेले जंगली डिस्कस असतील तर सुरुवात फ्रोझननेच करावी लागते.

आता एक गोष्ट, जी दादाला मी अजून सांगितलेली नाही. त्या वेळी माझा दाण्यांचा डबा एक किलोचा होता आणि उघडून आठ महिने झाले होते. पाहुणचाराच्या त्या पाच दिवसांनंतर मी त्यातलेच दाणे पुन्हा सुरू केले होते. उघडल्यावर सी जीवनसत्त्व हळूहळू नाहीसं होतं, तेल खवट होतं. दोन-तीन महिन्यांत संपेल इतकंच पाकीट घ्यायला हवं हे मला तेव्हाही ठाऊक होतं. स्वस्त पडला म्हणून घेतला. मेलेले मासे मी कापून बघितले नाहीत. पांढरी विष्ठा आतड्यातल्या परजीवींचीही असू शकते, ते आधीपासून पोटात असतील आणि निकस खाण्याने उसळले असतील. म्हणजे मी शपथेवर काही सांगू शकत नाही. पण चारही वाचलेले मासे आजतागायत दाणे खातात, डबा तेवढा आता 100 ग्रॅमचा असतो, आणि तो तिरका गोठलेला क्यूब मी फ्रीझरच्या मागच्या कप्प्यात पुरावा म्हणून अजून जपून ठेवलाय. बायको विचारते, अजून किती दिवस.

गेल्या महिन्यात दादाकडे गेलो होतो. टाकीखालच्या कपाटात, जाळ्यांच्या मागे, माझ्याच ब्रँडचा डबा दिसला. निम्मा संपलेला. म्हणाला, "ते तळातल्या कोरीडोरासना घालतो." कोरीडोरास त्याच्याकडे तीन आहेत.