दिवाळखोरीच्या फॉर्मात ऊसबिल धरायचं का?

प्रश्न: नमस्कार. माझा धाकटा मुलगा न्यू जर्सीला असतो, ग्रीन कार्ड आहे. मार्चअखेर त्याची नोकरी गेली, सूनबाई पार्टटाइम काम करतात. क्रेडिट कार्डं आणि नातवाच्या दवाखान्याचं बिल मिळून कर्ज डोक्यावरनं गेलंय. तिथल्या चॅप्टर ७ खाली (म्हणजे असेल ती मालमत्ता विकून देणी भागवायची आणि उरलेलं बहुतेक कर्ज माफ) दिवाळखोरीचा अर्ज करायचं म्हणतोय, पण त्याला उत्पन्नाची मर्यादा आहे म्हणे. मी इथनं दर महिन्याला त्याला थोडे पैसे पाठवतो, ते धरणार का? आणि करवीर तालुक्यातल्या आमच्या वडिलार्जित जमिनीच्या सातबाऱ्यावर त्याचंही नाव आहे, ऊस कारखान्याला जातो, त्याच्या वाट्याचं बिल इथल्या त्याच्या खात्यावर पडतं. शेतीच्या उत्पन्नाला आपल्याकडं टॅक्सच नाही, मग ते तिकडं दाखवायचं कशाला?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर: काका, शेवटून सुरू करतो कारण बहुतेकांचा घोळ तिथंच होतो. दाखवायचं. तिथल्या कायद्यात उत्पन्नाची जी व्याख्या आहे तिच्यात सरळ लिहिलंय की सगळीकडनं आलेलं उत्पन्न, मग त्यावर टॅक्स लागो न लागो. आपल्या इन्कम टॅक्सला काय चालतं याच्याशी त्यांना काही घेणंदेणं नाही. उलट फॉर्मवर धंदा, व्यवसाय किंवा शेतीचं निव्वळ उत्पन्न अशी ओळच आहे, त्यामुळं बेणं, खत, मजुरी, पाणीपट्टी वजा करून उरेल तेवढंच धरायचं, पण त्याच्या पावत्या तुम्हालाच इथनं गोळा करून पाठवाव्या लागणार.

आता मर्यादा कशी मोजतात ते. ही भानगड २००५ च्या दुरुस्तीत आली, तिला मीन्स टेस्ट म्हणतात. गेल्या वर्षीचं रिटर्न बघत नाहीत आणि आजचा पगारही बघत नाहीत. अर्ज ज्या महिन्यात टाकला तो महिना सोडायचा, त्याच्या आधीचे पूर्ण सहा महिने घ्यायचे, त्यात हातात आलेलं सगळं मिळवायचं, सहानं भागायचं आणि बाराने गुणायचं. पगार कापून हातात येतो तो नाही हं, टॅक्स कापायच्या आधीचा. जो आकडा येईल तो त्या राज्यात तेवढ्याच माणसांच्या कुटुंबाच्या मध्यम उत्पन्नाशी (निम्मी कुटुंबं ज्याच्या वर आणि निम्मी खाली असा आकडा) ताडून बघतात. हा मध्यम आकडा राज्याप्रमाणं वेगळा असतो आणि मधेमधे बदलतो, अमेरिकेच्या न्याय खात्याच्या यूएस ट्रस्टी विभागाच्या साइटवर असतो, अर्जाच्या तारखेला जो चालू असेल तोच बघायचा. एखाद्या ओळखीच्यानं दोन वर्षांपूर्वी सांगितलेला आकडा धरून बसू नका.

तुमच्या मुलाचंच बघू, आकडे मी मनानं घेतोय. समजा पगार महिना ८,००० डॉलर होता, मार्चपर्यंत मिळाला, एप्रिलमध्ये शिल्लक रजांचे वगैरे ६,००० आले, मग काही नाही, आणि सूनबाईंचे महिना २,०००. जुलैत अर्ज टाकला तर जानेवारी ते जून धरणार: त्याचे ३०,००० आणि तिचे १२,०००, एकूण ४२,०००, म्हणजे महिना ७,००० आणि वर्षाला ८४,०००. तोच अर्ज ऑक्टोबरात टाकला तर एप्रिल ते सप्टेंबर धरणार: ६,००० अधिक १२,०००, वर्षाला ३६,०००. माणूस तोच, कर्ज तेच, पण अर्धं सुद्धा उरत नाही! बेकारी भत्ता मिळत असेल तर तो यात अजून मिळवा, फॉर्मवर त्याची स्वतंत्र ओळ आहे. तारीख विचार करून निवडण्यात बेकायदा काही नाही, वकील लोक हेच तर बघतात. फक्त तोवर देणेकऱ्यांनी, म्हणजे ज्यांचे पैसे द्यायचेत त्यांनी, दावा लावून पगारावर जप्ती आणली तर थांबणं परवडत नाही, आणि मधे चांगली नोकरी लागली तर सहा महिन्यांची सरासरी कमी दिसूनही उपयोग नाही कारण आजचं उत्पन्न दुसऱ्या एका तक्त्यात लिहावंच लागतं, तिथं दिसतं.

आणि इथंच तुमचं ऊसबिल मधे येतं. वर्षातनं एकदाच पडणारा पैसा सहा महिन्यांच्या आत सापडला की सहानं भागून बाराने गुणताना तो दुप्पट होतो, कारण त्यांना वाटतं की असा पैसा पुढच्या सहामाहीतही येणार. खर्च वजा जाता १,८०० डॉलर पडले असतील तर हिशोबात ३,६०० दिसतील. आणि त्या सहा महिन्यांच्या बाहेर पडले तर शून्य. तेव्हा कारखान्याकडनं बिल नेमकं कुठल्या तारखेला जमा झालं, दोन हप्त्यांत आलं की एकदम, हे पासबुकात बघून मुलाला कळवा, "हंगामात येतं" एवढं सांगून भागत नाही.

सूनबाईंनी अर्जावर सही नाही केली तरी एकत्र राहतात म्हटल्यावर त्यांचं उत्पन्न धरतात. त्यातला जो भाग घरात न येता फक्त त्यांच्या स्वतःच्या कर्जाला वगैरे जातो तो नंतर वजा मागता येतो. धरत नाहीत ते मुख्यतः सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे तिथल्या सरकारी पेन्शनसारख्या योजनेचे पैसे, शिवाय २०१९ पासनं माजी सैनिकांचे अपंगत्वाचे बरेचसे भत्ते. कर्जाऊ घेतलेला पैसा म्हणजे उत्पन्न नाही.

मग तुम्ही पाठवता ते? दर महिन्याला नेमानं आणि घरखर्चाला पाठवत असाल तर धरतात, व्याख्येतच आहे ते. एकदाच अडचणीला दिलेल्या रकमेवर वाद घालता येतो, तो वकिलाला घालू दे, पण लपवू नका. उधार म्हणून दिले असतील तर उत्पन्न नाही, पण मग तुम्ही त्याचे देणेकरी झालात आणि यादीत तुमचं नाव आलं पाहिजे. आणि अर्जाआधी "बाबांचे तेवढे देऊन टाकतो" असं त्याला अजिबात करू देऊ नका, जवळच्या नातेवाइकाला वर्षभरात फेडलेले पैसे ट्रस्टी, म्हणजे दिवाळखोराची मालमत्ता सांभाळायला नेमलेला माणूस, परत मागू शकतो. बापाला आधी आणि बँकेला मागनं, हे तिथं चालत नाही. मला स्वतःला यात काही चूक वाटत नाही पण बापलोकांना फार लागतं हे मात्र खरं.

आकडा मध्यमाच्या वर गेला म्हणजे दार बंद असंही नाही. दुसरा लांबडा फॉर्म असतो, त्यात टॅक्स, घर, गाडी, औषधपाणी असे ठराविक खर्च वजा होतात आणि मग काय उरतं ते बघतात. उलट बाजूनं, मुलगा वयस्कर आजारी आईबापांना खरोखर पैसे पाठवत असेल आणि त्यांना स्वतःला तो खर्च झेपत नसेल तर तोही तिथं मागता येतो, तुमच्याकडं गंगा उलटी वाहतेय ती गोष्ट वेगळी. तिथंही नाही बसलं तर चॅप्टर १३, म्हणजे तीन ते पाच वर्षं हप्त्यानं फेड.

जाता जाता खरी काळजीची गोष्ट ऊसबिल नाहीच, सातबारा आहे. अर्ज करणाऱ्याची मालमत्ता जगात कुठंही असो ती लिहावी लागते, त्यात करवीरची जमीन आली आणि घरातला वाटाही. खोटी माहिती देणं हा तिथं गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद. आणि घाईनं हक्कसोडपत्र करून नाव कमी करायला जाऊ नका, दोन वर्षांतले असे व्यवहार उलटवता येतात आणि इरादाही वाईट दिसतो. त्याच्या वकिलाला सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर आधी पाठवा, मग बाकीचं.

प्रश्न: उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप होतं, बंद पडलं, आता दुसऱ्याकडं ३१,००० पगारावर आहे. कर्जाचा हुकूमनामा (कोर्टाचा वसुलीचा निकाल) झालाय. वर्षाला ६०,००० च्या आत उत्पन्न असेल तर आपल्याकडंही कर्ज माफ होतं असं व्हॉट्सअपवर वाचलं. खरं का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: वाचलं ते अर्धं खरं. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत तशी तरतूद आहे, वार्षिक उत्पन्न ६०,००० च्या आत, मालमत्ता २०,००० च्या आत, कर्ज ३५,००० च्या आत आणि स्वतःचं घर नको. पण तो भाग सर्वसामान्य माणसाला अजून लागूच केलेला नाही, १ डिसेंबर २०१९ पासनं फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांसाठी सुरू आहे. आणि लागू झाला तरी तुम्ही त्यात बसणार नाही, ३१,००० तर तुमचा महिन्याचा पगार आहे.

तुम्हाला लागतो तो अजून १९२० चाच नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा कायदा, अर्ज कसबा बावड्याला जिल्हा न्यायालयात. त्यात उत्पन्नाची मर्यादा नाही, कर्ज फेडता येत नाही हे दाखवायचं आणि कर्ज किमान ५०० रुपये पाहिजे, हा आकडा शंभर वर्षांत कुणी बदलला नाही. पण मालमत्ता कर्जाच्या रुपयाला आठ आणे, म्हणजे निम्मी, एवढीही भरत नसेल तर ती वेळ स्वतःच्या दोषानं आलेली नाही हे पटवून द्यावं लागतं, नाहीतर पूर्ण मुक्तता मिळत नाही.

तोवर पगाराचं बघा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणं पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्त होत नाहीत, म्हणजे ३१,००० मधले २१,००० तुमचे आणि जास्तीत जास्त १०,००० जाणार. पीएफला हात लावता येत नाही. कारागिराची हत्यारंही वगळलेली आहेत, मोठी मशिनं त्यात बसतील का हे वकिलाला विचारा. आणि एकाच हुकूमनाम्यात पगारातनं २४ महिने कापून झालं की त्या हुकूमनाम्यासाठी तो पगार पुढं जप्त करता येत नाही, हे बऱ्याच ठिकाणी अकाउंटवाल्यांनाच माहीत नसतं, कापत राहतात, तेव्हा महिने तुम्हीच मोजा आणि पगाराच्या स्लिपा जपून ठेवा.